आभाराचे चुरीभाऊ

नवी नवरी म्हणून मी बोरीवलीच्या आमच्या दुमजली बिल्डिंगीत आले त्या दिवसाची गोष्ट. उंबऱ्यावरचं माप नुकतंच लवंडलं होतं, माझा एक पाय आत आणि एक बाहेर होता, सासूबाई मला नाव घ्यायला सांगणार, तेवढ्यात समोरच्या दारातल्या एका गृहस्थांनी घसा साफ केला. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीची टोपी. "आजच्या या मंगल प्रसंगी," असं म्हणून त्यांनी माझ्या लग्नाचे आभार मानायला सुरुवात केली. भटजींचे, वाजंत्रीवाल्यांचे, स्टेशनवरून आणणाऱ्या टांगेवाल्याचे, टांग्याच्या घोड्याचे, आणि "दूर गिरगावाहून येऊन आपल्या उपनगराची शोभा वाढवणाऱ्या नववधूचे." शेवटी म्हणाले, "अनवधानानं कुणाचं नाव राहून गेलं असल्यास क्षमस्व." मग स्वतःच टाळ्या वाजवल्या. मी तशीच, अर्धी घरात आणि अर्धी जिन्यात उभी.

"कोण हो ते?" मी नंतर ह्यांना विचारलं.

"ते होय? चुरीभाऊ. आभाराचे."

एखादा माणूस दुधाचा असतो, एखादा विम्याचा असतो, तसे हे आभाराचे. बारसं असो, मुंज असो, गच्चीवरचा सत्यनारायण असो, शेवटी भाऊ उभे राहणारच. एकदा बिल्डिंगीत चोर सापडला, लोकांनी त्याला धरून ठेवला, पोलीस आले, घेऊन गेले. भाऊंनी पोलिसांचे आभार मानले, धरणाऱ्यांचे मानले, आणि चोरानं फारशी झटापट केली नाही म्हणून जाता जाता त्याचेही मानले.

पोटासाठी भाऊ फोर्टातल्या एका कंपनीत हेडक्लार्क होते, पण खरं काम पक्षाचं. पक्षाचं नाव सांगत नाही. त्या काळी नुसतं 'पक्ष' म्हटलं की भागायचं. दिल्लीत तोच, मुंबईत तोच, आमच्या गल्लीतला नळ दुरुस्त करून घ्यायचा तरी तोच. एवढ्या मोठ्या पक्षात भाऊ कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, कधी अध्यक्ष झाले नाहीत. कार्यक्रमपत्रिकेतलं शेवटचं काम तेवढं त्यांनी आपलं मानलं होतं. लोक चपला शोधायला लागले, सतरंजीची टोकं दुमडली जायला लागली, की भाऊ माइकपाशी यायचे.

"वहिनी, पाहुण्यांचे आभार कुणीही मानतो," ते मला सांगायचे. "खरे आभार कर्णेवाल्याचे. तो बिचारा सगळ्यांच्या आधी येतो, 'हॅलो, हॅलो' म्हणतो, आणि तेवढंच त्याचं भाषण."

त्यांच्या पत्नी सुमनताई प्रत्येक सभेला अगदी मागं उभ्या असायच्या. भाऊ नावं कधी लिहून नेत नसत. सगळी घेऊन झाली की "कुणी राहिलं का?" असं म्हणत ते मागं बघायचे. कुणी राहिलं असेल तर सुमनताई डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि भाऊंना ते नाव आठवायचं. कसं आठवायचं ते त्या दोघांनाच ठाऊक. पदर हलला नाही, की 'अनवधानानं' हे वाक्य, टाळ्या, आणि सभा संपली.

मी आले त्याला काही वर्षं झाली असतील, सुमनताई गेल्या. स्मशानात कुणीतरी दोन शब्द बोललं आणि सवयीनं सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊ पुढं झाले. डॉक्टरांचे आभार मानले, खांदेकऱ्यांचे मानले, लाकडं रचणाऱ्यांचे मानले. मग "कुणी राहिलं का?" म्हणून मागं बघितलं आणि तसेच बघत राहिले. हे मला ह्यांनी घरी येऊन सांगितलं. आमचे हे तसे जाड कातडीचे, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

भाऊंना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि रेडिओ. कुठूनतरी पोळीभाजीचा डबा यायचा. दिवसभर शेकडो माणसांना नमस्कार करणाऱ्या या माणसाच्या दारात आता कुणी येऊन बसत असेल, तर ती फक्त हिराबाय.

हिराबाय आमच्या बिल्डिंगीची कोळीण. खाडीकडच्या कोळीवाड्यातून टोपली घेऊन यायची आणि जिना चढतानाच एकेका दाराला हाक मारायची. दारांवरच्या पाट्यांशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. तिच्या लेखी प्रत्येक दार त्या घरच्या बाईचं, आणि एकदा ठरलेली हाक ती बदलत नसे. माझा मुलगा शाळेत जायला लागला तरी मी "नवरी गोऽ"च राहिले. मी शिक्षिका, माझी शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी हा सगळा तमाशा मी दारातून बघायची. भाऊंच्या दारात तिची बैठक सगळ्यात लांब. दोघं मनसोक्त भांडायचे.

"हा पापलेट कालचा दिसतो, हिराबाय."

"कालचा तू दिसतंस. डोला बघ त्याचा, तुज्यापरीस ताजा हाय."

सौदा ठरला की भाऊ तिचे, तिच्या नवऱ्याचे, होडीचे आणि समुद्राचे आभार मानायचे. ती टोपली उचलता उचलता म्हणायची, "झाला काय तुजा भाशन? जाव मी?"

मग आणीबाणी आली. लोक वेळेवर कामाला जायला लागले आणि बोलायचं बंद झाले. त्याच दिवसांत एका सकाळी कुठल्याशा खात्याची माणसं कोळीवाड्यात शिरली. नक्की कुठल्या खात्याची, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. कोळ्यांचं खळं, म्हणजे मासळी वाळवायचं मोकळं मैदान, त्यांनी साफ केलं. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडी उपटून बाजूला फेकल्या. तिथं उद्यान होणार होतं. बाकं आली, कुंड्या आल्या, पुढारी आले, फीत कापली गेली. सगळ्यात शेवटी भाऊ उभे राहिले. बाकं करणाऱ्या सुतारापासून कुंड्यांना गेरू लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानून झाले. "कुणी राहिलं का?" म्हणत त्यांनी मागं बघितलं. पदर सारखा करणारं कुणी नव्हतंच. मागं कोळणी उभ्या होत्या, रिकाम्या टोपल्या काखेत घेऊन. त्यांना बघून भाऊंना वाटलं, अरे, हे नाव राहिलंच की.

"आणि आपली जागा आनंदानं, स्वखुशीनं दिल्याबद्दल," ते म्हणाले, "आमच्या कोळी बंधुभगिनींचे मनःपूर्वक आभार!"

दुसऱ्या दिवशी हिराबाय आली. मला हाक मारली, वरच्या मजल्यावर हाका मारल्या. भाऊंच्या दारासमोरून मात्र नुसती निघून गेली. भाऊ दार उघडून उभे होते. तिसऱ्या दिवशी तेच. मग मीच तिला विचारलं.

"जागा घेतली ती घेतली," ती म्हणाली. "सरकार हाय, घेनारच. पन वर आभार मानलं? चोरानं घर फोरलं न् वरशी बोलला, लय आभारी हाय, तं कसा वाटल तुला? तसा."

ती एकटीच नव्हे, कोळीवाड्यातली एकही बाई भाऊंना मासळी विकेना. भाऊ बाजारात गेले तर बायका टोपलीवर फडका टाकायच्या.

पुढं निवडणूक झाली आणि पक्ष असा काही आपटला की दिल्लीपासून बोरीवलीपर्यंत आवाज आला. आमचे हे जन्मभर विरोधी पक्षाचे. त्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. भाऊंना द्यायला जरा लाजत होते, तर भाऊंनीच हात पुढं केला, पेढा खाल्ला आणि ह्यांचे व हलवायाचे आभार मानले. संध्याकाळी पक्षाच्या कचेरीबाहेर उभं राहून त्यांनी ज्यांनी मतं दिली त्यांचे आभार मानलेच, पण ज्यांनी दिली नाहीत त्यांनीही उन्हात रांगेत उभं राहण्याचे कष्ट घेतले म्हणून त्यांचेही मानले. ऐकायला कचेरीचा गडी आणि एक कुत्रं होतं.

कचेरीतली गर्दी आठवड्याभरात आटली. काल हार घेऊन उभे असणारे रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. वरून आदेश आला: जनतेत जा, गेलेला विश्वास परत मिळवा. पण विरोधात बसायचं कसं हे त्यांच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. जन्म फिती कापण्यात गेलेला. घोषणा कशी द्यायची, हेसुद्धा कुणाला ठाऊक नाही. शेवटी भाऊ आमच्याकडे आले. आमच्या ह्यांचा पक्ष सत्तेवर आल्यामुळे ह्यांच्या सगळ्या घोषणा नुसत्या पडून होत्या. हे खूश झाले. गच्चीवर शिकवणी सुरू झाली.

"मूठ वळा, भाऊ, आणि हात वर." भाऊ मूठ वळायचे, पण हात वर जाईपर्यंत ती सुटायची, दुसरा हात येऊन मिळायचा आणि नमस्कार व्हायचा.

"बरं, राहू दे. म्हणा, पाणी अधिकारी मुर्दाबाद!"

भाऊ घुटमळले. "मुर्दाबाद जरा जास्तच होतंय हो. लहान मुलं आहेत त्यांना. 'रजेवर जावोत' म्हटलं तर?"

"अहो, रजेवर जावोत म्हणून कुणी मोर्चा काढतं का?"

"मग 'विचार करावा'?"

मोर्चा निघाला. आमच्या भागात तेव्हा पाण्याची बोंब होती, त्यामुळे विषय झकास होता. माणसं थोडी होती, पण होती. अधिकारी घाबरला, त्यानं भाऊंना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. तिथंच वाट लागली. चहाचा कप खाली ठेवून भाऊ उठले आणि अधिकाऱ्यांचे, शिपायाचे, चहावाल्याचे आभार मानले. बाहेर उभ्या असलेल्या मोर्चानं सवयीनं टाळ्या वाजवल्या. पाणी काही आलं नाही. भाजीवाला त्यानंतर कितीतरी दिवस मला विचारायचा, "बाई, तो मोर्चा होता का सत्कार?"

इतकं सगळं झालं तरी भाऊंचं लक्ष होतं ते एकाच गोष्टीकडं. रोज सकाळी हिराबायच्या वेळेला ते दार उघडून उभे राहायचे. टोपी घालून, हात मागं बांधून. ती समोरून गेली की दार लावून घ्यायचे. मला वाटायचं, बिचाऱ्याचे मासळीवाचून हाल होतायत. म्हणून मी एकदा वाटीभर बांगड्याचं कालवण पाठवलं. दुपारी शाळेला जाताना बघते तर खाली इस्त्रीवाला माझ्याच वाटीतलं कालवण ओरपत बसलेला!

"भाऊंनी दिलं," तो म्हणाला. "ताई गेल्यापासून ते कुठं खातात? हिराबायकडून घ्यायचे तेपण मलाच मिळायचं. आता माझेपण वांधे झालेत ना."

मी तडक भाऊंना गाठलं. "खात नाही तर इतकी वर्षं घेत कशाला होता?"

भाऊ टोपी काढून तिच्या आत बघत राहिले. "जनसंपर्क, वहिनी. पक्षाचं काम," ते म्हणाले. मला ते पटलं. माणूसच तसा होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते पुन्हा आले, आणि आल्या आल्या विचारलं, "वहिनी, मानलेले आभार परत घेता येतात का?"

मला हसू फुटलं, पण ते हसले नाहीत. पक्षाची सभा ठरली होती, खुद्द कोळीवाड्यात, त्याच खळ्यावर. विश्वास परत मिळवण्यासाठी. भाऊंनी अध्यक्षांना सुचवून बघितलं होतं की आपण सरळ माफी मागू. अध्यक्ष भडकले होते. 'परिस्थितीच तशी होती' एवढंच म्हणायचं, चुकलो असं म्हटलं की पक्ष संपला.

"आणि वहिनी, पत्रिकेत स्वागत आहे, प्रास्ताविक आहे, सत्कारसुद्धा आहे," भाऊ म्हणाले. "माफी घालायला कुठं जागाच नाही. बसवायची कुठं?"

"अध्यक्षांना न विचारता मागितलीत तर काढून टाकतील ते तुम्हाला," मी म्हटलं.

"पक्षातून नाही काढणार. माइकवरून काढतील." आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मला माझ्या हसण्याची लाज वाटली. दुसरं होतं काय हो त्या माणसाकडं?

सभेला आम्ही दोघंही गेलो. हे गंमत बघायला आणि मी भाऊंच्या काळजीनं. उद्यानाचं उद्यानपण केव्हाच संपलं होतं. झाडं बकऱ्यांनी खाल्ली होती, वलांडी पुन्हा उभ्या राहिल्या होत्या आणि सरकारी बाकांवर जवळा वाळत होता. कोळणी आल्या, कारण सभा त्यांच्याच अंगणात होती, जाणार कुठं? पण सगळ्या स्टेजकडं अर्धी पाठ करून बसल्या. एकामागून एक पुढारी बोलले. परिस्थिती तशी होती, असं सगळ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. बायका आपसात बोलत राहिल्या.

शेवटी भाऊ आले. पुढाऱ्यांचे आभार झाले, कर्णेवाल्याचे झाले. "कुणी राहिलं का?" त्यांनी मागं बघितलं, बराच वेळ. मग स्वतःच म्हणाले, "राहिलंय."

बायकांची बडबड थांबली.

"ह्याच जागेवर मी तुमचे आभार मानले होते," भाऊ म्हणाले. "आनंदानं जागा दिलीत म्हणून. तुम्ही दिली नव्हती. आम्ही घेतली होती. तुमच्यापैकी कुणी आनंदात नव्हतं, ते मला इथून दिसत होतं. मी सगळा जन्म म्हणत आलो, अनवधानानं काही राहिलं असल्यास क्षमस्व. पण हे अनवधानानं झालेलं नाही. आमची घरवाली असती तर तिनं मला तिथल्या तिथं थांबवलं असतं. ते आभार मी आज परत घेतो. आणि तुमची माफी मागतो. हिराबाय, तुझी पण."

टाळी वाजली नाही. भरल्या सभेत आभारानंतर टाळ्या नाहीत, असं भाऊंच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल. अध्यक्ष लालबुंद होऊन चपला घालायला लागले. आमच्या ह्यांनी गंमत बघायला आणलेला चेहरा कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. मग हिराबाय कमरेवर हात ठेवून उठली.

"झाला ना? मंग गुंडाला ती सतरंजी. आमचं बोंबील वालत घालायचं हायत."

भाऊ म्हणाले तसंच झालं. पुढच्या सभेचे आभार एका तरुण वकिलानं मानले. कागदावरून वाचले आणि कर्णेवाल्याला विसरला. भाऊ मागं, सुमनताई उभ्या असायच्या तिथं उभे होते म्हणे. पक्षाचा विश्वास परत आला की नाही ते मी सांगू शकत नाही. पुढं पक्ष पुन्हा निवडून आला, पण त्याला भाऊंची माफी कारण झाली असेल असं त्यांच्या अध्यक्षांनाही वाटत नसावं.

हिराबाय दुसऱ्या दिवशी आली आणि भाऊंच्या दारासमोरून गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेली. भाऊ दारात उभे होतेच. मला हिराबायचा रागच आला. एवढं बोलला बिचारा, जवळचं होतं नव्हतं ते घालवून बसला, आणखी काय पाहिजे हिला?

मग एका सकाळी मी खोबरं खवत बसले होते. जिन्यात हाक आली, "नवरी गोऽ!" मी "आले, आले" म्हणत हात पुसायला लागले. तर टोपली माझ्या दारात टेकलीच नाही. पावलं समोर वळली आणि हिराबायचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला:

"सुमनबाय गोऽ! म्हावरा हाय! घेतंस काय?"

मी होते तिथंच थांबले. ही हाक काही नवी नव्हती. सुमनताई होत्या तेव्हा होती, गेल्यावरही इतकी वर्षं रोज सकाळी माझ्या दारासमोर होती. रोज कानावर पडायची म्हणून मी ती कधी ऐकलीच नव्हती. हिराबायनं ठरलेली हाक बदलली नव्हती, एवढंच. साऱ्या जगात सुमनताईंना अजून नावानं बोलावणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. आणि जनसंपर्क म्हणे!

भाऊ दारात उभे होतेच. टोपली सोडून ते तिच्याकडंच बघत होते.

"काय बघतंस? सरंगा हाय. ताजा," हिराबाय म्हणाली.

"कालचा दिसतो," भाऊ कसेबसे म्हणाले.

"कालचा तू दिसतंस."

ती गेली. मी वाट बघत होते, आता होडीचे मानतील, समुद्राचे मानतील. भाऊंनी कुणाचेच आभार मानले नाहीत. सरंगा हातात धरून ते माझ्या दाराशी आले. त्यांच्या धोतरावर पाणी गळत होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं.

"वहिनी," त्यांनी हळूच विचारलं, "ऐकलंत ना?"

"ऐकलं, भाऊ," मी म्हटलं.